कानपुरात तेलाचं शिक्षण घेतलं, मंत्रिपद गमावलं, पण त्यांच्या हट्टामुळे उरणला गॅसवर वीज तयार झाली

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून कधी अलिबागला गेला असाल, तर हा रस्ता तुम्हाला पाठ असेल. धक्का मागे पडतो, डाव्या हाताला उरणचा किनारा आणि द्रोणागिरीचा डोंगर लागतो आणि मग धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवसची जेट्टी. समोर खाडीपलीकडे करंजा. हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या या करंजाला जायचं तर एक तर होडी, नाहीतर वडखळ-पेणवरून मोठा वळसा. पुलाची चर्चा अंतुलेंच्या काळापासून चालू आहे, त्यात आत्ता पडायला नको.

मुद्दा द्रोणागिरीचा आहे. त्या डोंगराच्या पलीकडे ओएनजीसीचा प्रकल्प आहे. अरबी समुद्रातून बॉम्बे हायचं तेल आणि गॅस तिथे जमिनीवर येतो. तिथून जवळच, बोकडविऱ्याला, महाराष्ट्राचं सरकारी गॅसवरचं वीज केंद्र आहे. इकडे रेवसच्या बाजूला थळला आरसीएफचा खताचा कारखाना आहे, तोही याच गॅसवर चालतो. म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांचं नशीब एका पाइपलाइनने बदललं.

ही पाइपलाइन ज्या माणसामुळे शक्य झाली त्याचा ना उरणशी संबंध होता, ना रायगडशी. तो अलाहाबादचा होता. केशवदेव मालवीय त्याचं नाव.

देशाच्या तेलउद्योगात त्यांना भारतीय पेट्रोलियमचे जनक म्हणतात. उत्तरेत त्यांचं नाव बऱ्यापैकी माहीत आहे. महाराष्ट्रात मात्र बॉम्बे हाय सगळ्यांना ठाऊक आणि मालवीय कुणालाच नाहीत, अशी गत आहे.

मालवीयांचा जन्म १९०४ चा. शिक्षण कानपूरच्या हरकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये, विषय ऑइल टेक्नॉलॉजी. आता वाटेल की वा, पोराला लहानपणापासूनच पेट्रोलियमचं वेड होतं. तसं काही नाही. त्या संस्थेतलं तेल म्हणजे सरकी, जवस, मोहरी यांचं. साबण, रंग, खाद्यतेल यांचं रसायनशास्त्र. जमिनीखालच्या तेलाशी त्याचा दूरचाच संबंध. पण एक गोष्ट झाली, पुढे दिल्लीत मंत्री म्हणून बसल्यावर समोरचा तज्ज्ञ रसायनशास्त्राची भाषा बोलायला लागला की हा मंत्री गप्प बसायचा नाही.

शिक्षणानंतर ते काँग्रेसमध्ये गेले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशच्या राजकारणातून दिल्लीत आले आणि १९५४ च्या सुमारास त्यांच्याकडे नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन या खात्याचं उपमंत्रिपद आलं. मंत्री होते मौलाना आझाद. खातं दिसायला बिनमहत्त्वाचं. ज्याला काही द्यायचं नाही त्याला द्यावं, असं.

त्या काळात भारतातलं तेल म्हणजे आसाममधलं दिग्बोई आणि तिथलाच आजूबाजूचा भाग. बाकी सगळा बाजार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅल्टेक्स या तीन परदेशी कंपन्यांच्या हातात. तेल त्यांचं, जहाजं त्यांची, ट्रॉम्बेच्या नव्या रिफायनऱ्याही त्यांच्याच. तुमच्या देशात तेल शोधायला आम्हाला घाई नाही, आम्ही आणतोय की बाहेरून, असा एकूण कारभार. स्टॅनव्हॅकने सरकारबरोबर बंगालच्या खोऱ्यात शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही.

मालवीयांचं म्हणणं सरळ होतं. तेल विकणाऱ्याला तेल शोधायचं काम दिलं तर तो कशाला जिवाचं रान करेल? शोध सरकारनेच घेतला पाहिजे.

सरकारकडे तेव्हा त्यासाठी माणसं नव्हती, यंत्रं नव्हती आणि पैसाही नव्हता. १९५५ मध्ये एक छोटं संचालनालय सुरू झालं. त्याच वर्षी मालवीय शिष्टमंडळ घेऊन युरोपात आणि सोव्हिएत रशियात फिरून आले. पाश्चात्त्य कंपन्या तंत्रज्ञान द्यायला तयार नव्हत्या, रशिया आणि रुमानिया तयार होते. कालिनिन नावाच्या भूवैज्ञानिकाच्या नेतृत्वाखाली रशियन तज्ज्ञांचं पथक भारतात आलं, देश पालथा घातला आणि सांगितलं की इथे तेल सापडायला जागा आहे. खास करून खंभातच्या आजूबाजूला.

१४ ऑगस्ट १९५६ ला ऑइल अँड नॅचरल गॅस कमिशन स्थापन झालं. मुख्यालय डेहराडून. आजचं ओएनजीसी ते हेच. कमिशनच्या नावात गॅस पहिल्या दिवसापासून आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण पुढची वीस वर्षं सगळे तेल तेल करत राहिले आणि गॅसकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

पहिली विहीर खोदली ती हिमाचलमधल्या ज्वालामुखीला. होय, तेच देवीचं ठिकाण, जिथे खडकातून आपोआप ज्योत पेटते. ती ज्योत म्हणजे जमिनीतून झिरपणारा नैसर्गिक वायू. भूवैज्ञानिकांचा हिशोब बरोबर होता, पण तिथे धंद्याजोगं काही मिळालं नाही. दिल्लीत टवाळी सुरू झाली की सरकारी पैसा खड्ड्यात चाललाय.

मग १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं. १९६० मध्ये अंकलेश्वरला, आणि हा साठा खरा मोठा. नेहरूंनी तिथल्या विहिरीला वसुधारा नाव दिलं. त्याच वर्षी आसामात रुद्रसागर. टवाळी थांबली.

पण मालवीयांनी या काळात फक्त विहिरी खोदल्या नाहीत, परदेशी कंपन्यांशी उघड पंगा घेतला. रशियाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं तेव्हा या कंपन्यांनी आपल्या रिफायनऱ्यांत ते शुद्ध करायला नकार दिला. मालवीयांनी ती ऑफर काठीसारखी वापरली आणि कंपन्यांना आयातीच्या भावात सूट द्यावी लागली. सरकारच्या स्वतःच्या रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या, गुवाहाटीला रुमानियाच्या मदतीने, बरौनी आणि कोयलीला रशियाच्या. विक्रीसाठी १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी निघाली. समाजवादी विचारांचा, रशियाकडे झुकलेला मंत्री म्हणून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. ती अगदीच खोटी नव्हती. ते डावे होते आणि लपवतही नव्हते.

शत्रू वाढले होते. आणि १९६३ मध्ये त्यांना एक कारण सापडलं.

ओरिसातला सिराजुद्दीन नावाचा एक खाणमालक होता. एका काँग्रेस उमेदवाराच्या निवडणुकीसाठी या खाणमालकाकडून मालवीयांनी दहा हजार रुपये द्यायला लावले, असा आरोप झाला. खाण खात्याचा मंत्री खाणमालकाकडून पक्षासाठी पैसे घेतो, हे प्रकरण पेटणारच. नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश एस. के. दास यांच्याकडून चौकशी करून घेतली. तो अहवाल जनतेसमोर आला नाही, पण मालवीयांना राजीनामा द्यावा लागला.

रक्कम दहा हजार. आजच्या आकड्यांशी तुलना करून हसू येईल, पण मंत्र्याचं चुकलं होतं का, तर हो, चुकलं होतं. ज्याच्या धंद्याचे परवाने आपल्या खात्याच्या हातात आहेत त्याच्याकडे पक्षासाठीही हात पसरायचा नसतो. त्याच वेळी हेही खरं, की त्या काळात सगळेच पक्ष असेच चालत होते आणि किंमत मोजली ती एकाने.

मालवीय घरी बसले. गंमत बघा, नेमकं त्यानंतर त्यांच्या कामाचं सगळ्यात मोठं फळ धरू लागलं.

अकादेमिक अर्खांगेल्स्की नावाचं एक रशियन जहाज खंभातच्या आखातात भूकंपमापनाचं सर्वेक्षण करत होतं. पाण्यात छोटे स्फोट करायचे, समुद्राच्या तळाखालच्या खडकांवरून परत येणारे ध्वनी मोजायचे आणि त्यावरून खाली काय दडलंय त्याचा नकाशा काढायचा. १९६४ ते ६७ च्या दरम्यान या कामात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली एक प्रचंड उंचवटा सापडला. तोच बॉम्बे हाय.

पण समुद्रात ७५ मीटर पाण्यात खोदायचं कसं? १९७० मध्ये गुजरातच्या आलियाबेटाजवळ उथळ पाण्यात हात साफ करून झाला. मग जपानमध्ये सागर सम्राट हा तरंगता रिग बांधून घेतला. चार पाय समुद्राच्या तळाला टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून धरणारा. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याला बॉम्बे हायला तेल लागलं.

वेळ अशी की आधीच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झालं होतं आणि तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होता तो बारापर्यंत गेला होता. देशाची तिजोरी रिकामी होत होती. अशात मुंबईच्या समुद्रात तेल.

तेव्हा पेट्रोलियम खातं देवकांत बरुआंकडे होतं. मालवीय मंत्रिमंडळात परतले होते, पण पोलाद आणि खाण खात्यात. ऑक्टोबर १९७४ मध्ये पेट्रोलियम त्यांच्याकडे आलं. वय सत्तर. अकरा वर्षांपूर्वी ज्या कामावरून उठावं लागलं होतं, तेच पुन्हा समोर. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं, म्हणजे साठा सापडल्यापासून सव्वादोन वर्षांत. समुद्रातल्या कामासाठी हा वेग तेव्हाही चांगला होता आणि आजही चांगला म्हणावा लागेल. त्याच वर्षी बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली, ती आजची भारत पेट्रोलियम.

आता इथून गॅसची गोष्ट सुरू होते.

बॉम्बे हायमधून तेल निघतं तेव्हा त्यात विरघळलेला वायूही बाहेर येतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसतं, तसंच. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं. गॅस नाही नेता येत. त्याला एक तर पाइप लागतो, नाहीतर तो तिथेच जाळून टाकावा लागतो. सुरुवातीच्या काळात तेच होत होतं. समुद्रात मोठ्या ज्वाळा पेटलेल्या असायच्या. तेलाअभावी परकीय चलन मोजणारा देश रोज हजारो घरांची ऊर्जा आकाशात सोडून देत होता.

आणि त्याच काळात महाराष्ट्रात विजेची बोंब होती. १९७२ च्या दुष्काळाने कोयनेसारख्या जलविद्युतवर किती भिस्त ठेवायची ते दाखवून दिलं होतं. कोळसा होता, पण विदर्भात. चंद्रपूरचा कोळसा मुंबईच्या दारात आणायचा तर आठशे-नऊशे किलोमीटर रेल्वे. आणि वीज हवी कुठे, तर मुंबई-ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांना.

म्हणून समुद्रातून दोन नळ घातले गेले, एक तेलाचा, एक गॅसचा. सुमारे दोनशे किलोमीटर लांब, समुद्राच्या तळावरून थेट उरण. १९७८ मध्ये ते सुरू झाले. गॅस आधी ट्रॉम्बेच्या खतकारखान्याला आणि टाटांच्या वीज केंद्राला गेला. मग १९८२ मध्ये बोकडविऱ्याला राज्य वीज मंडळाचं गॅस टर्बाइन केंद्र सुरू झालं, ६० मेगावॉटचे चार संच. देशात गॅसवर वीज हे काही पहिल्यांदा होत नव्हतं, आसाममधल्या नामरूपला १९६५ पासून होत होती. पण समुद्रातून आणलेल्या गॅसवर, एवढ्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर, हे नवं होतं.

मालवीयांनी हे बघितलं नाही. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसचा सुपडा साफ झाला, त्यात तेही पडले. मे १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं. डेहराडूनच्या ओएनजीसीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे.

गॅसवर वीज बनते कशी, ते उरणच्याच आकड्यांवरून बघू, कारण याहून सोपं उदाहरण सापडणार नाही.

गॅस टर्बाइन म्हणजे जमिनीला खिळवून ठेवलेलं विमानाचं इंजिन. बाहेरची हवा आत ओढायची, दाबायची, त्यात गॅस जाळायचा. तापलेला वायू जोरात बाहेर पडताना पाती फिरवतो, पात्यांना जनरेटर जोडलेला. पाणी उकळायची भानगडच नाही. त्यामुळे कोळशाच्या केंद्राला थंड अवस्थेतून सुरू व्हायला कित्येक तास लागतात, तिथे साधं गॅस टर्बाइन काही मिनिटांत भरात येतं.

पण यात एक गळती आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर पाचशे अंशांच्या वर तापलेला असतो. तो चिमणीतून सोडला की जळलेल्या गॅसमधली निम्म्याहून जास्त उष्णता वाया. नंतर उरणला १०८ मेगावॉटचे आणखी चार संच आले. पुढे १९९४ मध्ये त्यांच्या धुराच्या वाटेवर बॉयलर बसवले, त्या उष्णतेवर वाफ केली आणि वाफेवर १२० मेगावॉटचे दोन संच फिरवले.

हिशोब करा. १०८ चे चार म्हणजे ४३२. त्यात १२० चे दोन म्हणजे २४०. एकूण ६७२ मेगावॉट. हे वरचे २४० मेगावॉट एका घनमीटरही जादा गॅस न जाळता. याला कम्बाइंड सायकल म्हणतात. यात गॅसमधली जवळपास निम्मी ऊर्जा विजेत उतरते, नव्या केंद्रांत त्याहूनही जास्त. कोळशाच्या केंद्रात साधारण एक तृतीयांश. एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइडही कोळशाच्या निम्माच, आणि राख तर नाहीच. आधीचे ६० मेगावॉटचे चार संच आता निवृत्त झालेत.

मालवीयांच्या शेवटच्या मंत्रिपदाच्या काळातच वसईच्या समुद्रातही गॅस सापडला होता, तेलाबरोबर येणारा नव्हे, निव्वळ गॅस. ते बसीन क्षेत्र. त्याचा गॅस हजिऱ्याला नेला आणि तिथून मध्य प्रदेशातल्या विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत पाइपलाइन गेली. त्यासाठी १९८४ मध्ये गेल कंपनी निघाली. कवास, अंता, औरैया, दादरी ही एनटीपीसीची गॅस केंद्रं याच वाटेवर उभी राहिली. म्हणजे आपल्या समुद्रातला गॅस दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचला.

मग देश गॅसच्या प्रेमात पडला आणि तिथेच गाडी घसरली. गॅसचा भरवसा नसताना केंद्रं बांधत सुटले. रत्नागिरीतल्या दाभोळची एन्रॉनची कथा महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून २००९ मध्ये गॅस आला, त्याच्या आशेवर आणखी केंद्रं बांधली गेली आणि चार वर्षांत तो गॅस आटला. २०२४ मध्ये देशात गॅसवरची क्षमता २५ हजार मेगावॉटच्या आसपास होती, पण एकूण विजेत तिचा वाटा दोन टक्क्यांच्या घरात होता. बहुतेक केंद्रं वर्षातला बराच काळ थंड पडून असतात. देशातला स्वस्त गॅस पुरत नाही आणि जहाजाने येणारा द्रवरूप गॅस घेऊन वीज बनवली तर ती कोळशापेक्षा महाग पडते.

तरी ही केंद्रं भंगारात का काढत नाहीत?

कारण सौरऊर्जा. दुपारी सूर्य भरपूर वीज देतो. संध्याकाळी सहा-सातला तो हात वर करतो आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. तासा-दोन तासांत हजारो मेगावॉटची पोकळी तयार होते. ती भरली नाही तर ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते आणि भारनियमन करावं लागतं. ही पोकळी झटपट भरणारे दोघेच जुने गडी, धरणं आणि गॅस. बॅटऱ्या आता कुठे येतायत. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून मे आणि जून महिन्यांत गॅस केंद्रांना चालू राहण्याचा आदेश द्यावा लागला तो यामुळेच.

उरणचं केंद्र मात्र वर्षानुवर्षं अर्धपोटी आहे. ६७२ मेगावॉटला लागेल एवढा गॅस त्याला मिळत नाही, म्हणून काही संच बंद ठेवून बाकीचे चालवायचे, असा संसार. बॉम्बे हाय म्हातारं झालंय आणि देशी गॅसवर आता सीएनजीच्या गाड्या आणि स्वयंपाकघरातल्या पाइपचा हक्क आधी लागतो, मग खतकारखाने, मग वीज. नेमका पाइप संपतो त्या गावात उभं असलेलं केंद्र रांगेत शेवटी. दरम्यान रेवसच्या मागे, शहापूर-धेरंडच्या खाडीकाठी मोठे खासगी वीज प्रकल्प जाहीर झाले, शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जमिनी सोडल्या नाहीत आणि तिथे आजही वीज केंद्र नाही.